पिनाटुबो १९९१: रसात नसलेल्या गंधकाचा हिशेब

१५ जून १९९१ च्या दुपारी फिलिपाइन्समधल्या लुझोन बेटावरचा माउंट पिनाटुबो पूर्ण ताकदीने फुटला. राखेचा स्तंभ सुमारे ३५ किलोमीटरवर गेला, १,७४५ मीटर उंचीच्या डोंगराचा माथा खचला आणि त्या जागी अडीच किलोमीटर व्यासाचा काल्डेरा, म्हणजे खचून झालेला मोठा खड्डा, उरला. निंबस-७ उपग्रहावर ‘टॉम्स’ नावाचे उपकरण होते. ते बसवले होते ओझोन मोजण्यासाठी, पण सल्फर डायऑक्साइडही त्याच अतिनील पट्ट्यात प्रकाश शोषतो, त्यामुळे त्याचा ढगही या उपकरणाला दिसला. तो दीड ते दोन कोटी टनांचा निघाला. इथे मधला आकडा घेऊ: १ कोटी ७० लाख टन. सल्फर डायऑक्साइडच्या वजनात निम्मा गंधक असतो, म्हणजे निव्वळ गंधक ८५ लाख टन.

पुढच्या काही महिन्यांत प्रयोगशाळांमध्ये पिनाटुबोच्या प्युमिसचे, म्हणजे उद्रेकात उडालेल्या सच्छिद्र, हलक्या दगडाचे, काप तपासले गेले आणि एक विचित्र गोष्ट समोर आली. एवढा गंधक ज्या दगडातून बाहेर पडला म्हणायचे, त्या दगडाच्या वितळलेल्या अवस्थेत तो कधी मावलाच नसता. या तफावतीला ज्वालामुखीशास्त्रात ‘जादा गंधकाचा प्रश्न’ म्हणतात. त्याची मांडणी, उलगडा आणि त्यातले खाचखळगे या प्रकरणात पाहायचे आहेत.

आधी दोन शब्द पक्के करू. ‘शिलारस’ म्हणजे भूगर्भातले सगळे मिश्रण: द्रव, त्यात तरंगणारे स्फटिक आणि असतील तर बुडबुडे. नुसत्या द्रवाला ‘रस’ म्हणू. रस झटकन थंड झाला की काच बनते. प्रश्नाची सगळी मेख या फरकात आहे.

पहिली मांडणी आणि ती का फसते

शिलारसाच्या जाती सिलिकाच्या प्रमाणावर ठरतात: सिलिका सर्वांत कमी बेसाल्टमध्ये, मग चढत्या क्रमाने अँडेसाइट, डेसाइट आणि रायोलाइट. पिनाटुबोचा शिलारस डेसाइट जातीचा होता. सगळा दगड धरला तर त्यात सिलिका सुमारे ६४-६५ टक्के, पण स्फटिक वगळून नुसती काच घेतली तर ७७-७८ टक्के, म्हणजे रस रायोलाइटचा. पांढऱ्या प्युमिसमध्ये जवळजवळ निम्मे स्फटिक होते: प्लॅजिओक्लेज, हॉर्नब्लेंड, थोडे क्वार्ट्झ, बायोटाइट, मॅग्नेटाइट, इल्मेनाइट आणि ॲपटाइट. तापमान सुमारे ७८० अंश सेल्सियस, हे डेसाइटच्या मानानेही थंडच. दाब सुमारे २२० मेगापास्कल, म्हणजे आठ-नऊ किलोमीटर खोली.

रसात उद्रेकापूर्वी किती गंधक होता, हे मोजण्याची रुळलेली रीत अशी. स्फटिक वाढताना त्याच्या पोटात रसाचा एखादा थेंब अडकतो आणि काच होऊन तसाच राहतो. याला मेल्ट इन्क्लूजन म्हणतात. हा ‘आधीचा’ नमुना. स्फटिकांच्या बाहेरची काच हा ‘नंतरचा’ नमुना, कारण ती उद्रेकात वायू सोडून बसलेली असते. दोन्हीतल्या गंधकाचा फरक काढायचा, त्याला बाहेर पडलेल्या रसाच्या वजनाने गुणायचे, की हवेत किती गंधक गेला ते कळते.

आता आकडे घालू. बाहेर पडलेला शिलारस, बुडबुडे वजा करून, ३.७ ते ५.३ घनकिलोमीटर होता. ५ घनकिलोमीटर धरू, घनता पाण्याच्या २.४ पट. वजन झाले १,२०० कोटी टन. त्यात रस ५३ टक्के धरला तर सुमारे ६४० कोटी टन. इन्क्लूजनमध्ये गंधक सापडला ७७ पीपीएमच्या (दहा लाखात ७७ भाग) आसपास. त्यातला कणन्‌कण हवेत गेला असे मानले तरी गंधक भरतो ४ लाख ९० हजार टन, म्हणजे सल्फर डायऑक्साइड जेमतेम १० लाख टन. उपग्रहाने पाहिला तो याच्या सतरापट.

पंचाईत याहून मोठी आहे, कारण बाहेरच्या काचेतही गंधक जवळपास तेवढाच होता. म्हणजे ‘आधी’ उणे ‘नंतर’ हा फरक शून्याच्या जवळ येतो. रुळलेल्या रीतीने पिनाटुबोने हवेत काही सोडलेच नाही असे उत्तर मिळते!

मोजणी चुकली असेल, ही पहिली शंका योग्यच. इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने, म्हणजे नमुन्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून घटक ओळखणाऱ्या उपकरणाने, गंधक मोजताना ५० पीपीएमच्या आसपास उपकरणाची मर्यादा येते, म्हणून ७७ हा आकडा काठावरचा आहे. पण चूक ३० पीपीएमची झाली असे मानले, तरी ६४० कोटी टन रसात ती १ लाख ९० हजार टन गंधकाची, म्हणजे चार लाख टनांपेक्षा कमी सल्फर डायऑक्साइडची ठरते. १ कोटी ७० लाखांची खिंड तिने बुजत नाही. उपग्रहाचा आकडा निम्म्याने चुकला म्हटले तरीही नाही. अशा वेळी उपकरणांना दोष देणे सोडून गृहीतकाकडे वळावे लागते. गृहीतक हे होते की उद्रेकापूर्वी सगळा गंधक रसात विरघळलेला होता.

गंधक रसात कसा विरतो

पाण्यात साखर विरघळते तसा गंधक शिलारसात विरघळत नाही. तो रसाच्या जाळीतल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो किंवा त्याच्याशी बांधला जातो, आणि यातले काय होणार हे रसाभोवती ऑक्सिजन किती ‘उपलब्ध’ आहे यावर ठरते. ऑक्सिजन कमी असेल तर गंधक सल्फाइड रूपात राहतो आणि मुख्यतः लोहाचा हात धरतो. ऑक्सिजन वाढला तर तो सल्फेट रूपात जातो आणि त्याची सोबत कॅल्शियमशी जमते. हे पहिल्यांदा नीट समजले ते ज्वालामुखीमुळे नव्हे, पोलादाच्या भट्ट्यांमुळे. पोलादातला गंधक मळीत, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या खनिजांच्या थरात, कसा ओढायचा, हा भट्टीवाल्यांचा रोजचा प्रश्न. १९५४ मध्ये फिंचम आणि रिचर्डसन यांनी मळीवर प्रयोग करून दाखवले की ऑक्सिजन वाढवत नेला तर मळीची गंधक धरण्याची ताकद आधी घटते, तळ गाठते आणि मग पुन्हा वर चढते. घटणारी बाजू सल्फाइडची, चढणारी सल्फेटची. शिलारसातही हाच उतार-चढाव आहे.

दोन्ही बाजूंना एक छत असते. सल्फाइडच्या बाजूला गंधक वाढत गेला की एका मर्यादेनंतर रसातून लोह-सल्फाइडचे वेगळे थेंब सुटतात, पाण्यातून तेल सुटावे तसे. सल्फेटच्या बाजूला ॲनहायड्राइटचे, म्हणजे निर्जल कॅल्शियम सल्फेटचे स्फटिक सुटतात. छत किती उंच, हे तापमान आणि घटकांवर ठरते. मध्यसागरी कटकावरच्या बेसाल्टमध्ये ८०० ते १,५०० पीपीएम गंधक सहज सापडतो, कारण रस तापलेला असतो आणि लोह भरपूर. भरपूर ऑक्सिडीकृत बेसाल्टवरच्या प्रयोगांत सल्फेटचे छत सुमारे १.४ टक्के निघाले आहे, सल्फाइडच्या छताच्या जवळपास दहापट.

आता पिनाटुबोचा रस पाहा. ७८० अंश, लोह अगदी थोडे, कॅल्शियमही थोडे. सल्फाइड असो वा सल्फेट, कुठल्याही बाजूला छत इतके खाली की डोके टेकते. अशा रसात काही दहा पीपीएमच गंधक मावतो. म्हणून ७७ हा आकडा चुकीचा नव्हताच, रस तेव्हा आपल्या परीने भरलेलाच होता. उरलेला गंधक शिलारसातच होता, पण रसाच्या बाहेर. सगळ्या शिलारसाच्या वजनावर पसरला तर हवेत गेलेला गंधक सुमारे ७१० पीपीएम होतो. सत्तरच्या छताखाली सातशे उभे करायचे आहेत.

ऑक्सिजनचा अंदाज मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट या शेजारी स्फटिकांच्या जोडीवरून बांधतात. दोघांत लोह आणि टायटॅनियम कसे वाटले गेले, यावरून तापमान आणि ऑक्सिजन दोन्ही एकदम मिळतात. पिनाटुबोत तो निकेल आणि निकेल ऑक्साइडच्या, म्हणजे तुलनेसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या, प्रमाणरेषेपेक्षा दीड ते तीन लॉग एकके वर निघाला, म्हणजे तीसपट ते हजारपट. गंधक जवळजवळ सगळा सल्फेट रूपात असण्याची ही परिस्थिती.

पहिला संशयित: ॲनहायड्राइट

पिनाटुबोच्या प्युमिसमध्ये ॲनहायड्राइटचे स्फटिक मिळाले, तेही शिलारसात वाढलेले. ही नवलाई नऊ वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या एल चिचोनने दाखवली होती. १९८२ च्या मार्च-एप्रिलमधला तो उद्रेक आकाराने पिनाटुबोच्या जवळपासही नव्हता, पण त्याने सुमारे ७० लाख टन सल्फर डायऑक्साइड सोडला. जेम्स लूर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या ताज्या प्युमिसमध्ये ॲनहायड्राइट हे खऱ्या अर्थाने शिलारसाचे खनिज असल्याचे दाखवून दिले.

मग सोपे उत्तर सुचते. गंधक ॲनहायड्राइटमध्ये होता, वर येताना दाब उतरला, स्फटिक फुटले, वायू झाला. वजनाच्या दृष्टीने हे अशक्य नाही. ८५ लाख टन गंधकासाठी ३ कोटी ६० लाख टन ॲनहायड्राइट मोडावे लागेल, म्हणजे शिलारसाच्या ०.३ टक्के. एवढे असू शकते.

पण वेळ जुळत नाही. मुख्य उद्रेक सगळा मिळून नऊ तासांचा, आणि एकेका घोट शिलारसाला खोलीवरून तोंडाशी यायला त्याहून कितीतरी कमी वेळ. ॲनहायड्राइट मोडायचे तर त्यातला गंधक आधी भोवतालच्या रसात उतरला पाहिजे, तिथून बुडबुड्यापर्यंत सरकला पाहिजे. ७८० अंशांच्या चिकट रायोलाइट रसात गंधक अतिशय सावकाश सरकतो. तासा-दोन तासांत त्याची मजल मायक्रॉनच्या घरात राहते. तसे घडले असते तर स्फटिकांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या असत्या आणि भोवतालच्या काचेत गंधकाचे वलय राहिले असते. प्युमिसमधल्या स्फटिकांच्या कडा बव्हंशी धारदार आहेत, काच सपाट आहे. ॲनहायड्राइट हा साक्षीदार आहे, चोर नव्हे. शिलारस गंधकाने काठोकाठ भरलेला होता, एवढे तो शपथेवर सांगतो.

बुडबुडे

उरते एकच जागा: उद्रेकाच्या कितीतरी आधीपासून, आठ-नऊ किलोमीटर खोल, शिलारसात असलेले बुडबुडे. त्या दाबाला त्यांना वायू म्हणणे अवघड आहे. पाणी, कार्बन डायऑक्साइड, गंधकाची संयुगे आणि क्लोरीन यांचे ते दाट मिश्रण, घनता पाण्याच्या निम्म्याहून थोडी कमी. त्याला ‘द्रायू’ म्हणू. टेरेन्स गेरलाक आणि सहकाऱ्यांनी पिनाटुबोसाठी ही मांडणी सर्वांत तपशीलवार केली.

असा द्रायू तिथे होता याचा पुरावा पाण्यात आहे. इन्क्लूजनमध्ये पाणी ६ ते ६.५ टक्के निघाले, आणि २२० मेगापास्कलला रायोलाइट रसात मावते तेवढेच. भरलेल्या भांड्यात आणखी ओतले की सांडते. इथे सांडलेले पाणी बुडबुड्यात जाते. एकदा बुडबुडा तयार झाला की गंधक रस सोडून त्याच्याकडे धावतो. द्रायू आणि रस यांत गंधकाची वाटणी किती पट होते, हे प्रयोगशाळेत दाबाच्या कुप्यांमध्ये अनेकांनी मोजले आहे. ऑक्सिजन आणि तापमान बदलले की ती काही दहापटींपासून हजारपटीच्या आसपास हलते.

पुन्हा हिशेब मांडू. द्रायूत वजनाने ५ टक्के गंधक धरला तर ८५ लाख टनांसाठी १७ कोटी टन द्रायू हवा, म्हणजे शिलारसाच्या वजनाच्या १.४ टक्के. घनता पाण्याच्या ०.४५ धरली तर आकारमान ०.३८ घनकिलोमीटर, एकूण शिलारसाच्या सात टक्क्यांच्या आसपास. शंभरात सात भाग बुडबुडे. हे विलक्षण नाही, रासायनिक दृष्टीने पटण्याजोगे आहे.

मात्र ५ टक्के हा आकडा या मांडणीचा सर्वांत नाजूक सांधा आहे. रसातल्या ७७ पीपीएमशी तो ताडला तर वाटणी साडेसहाशेपट येते, म्हणजे प्रयोगांच्या वरच्या टोकाकडे. द्रायूत १ टक्काच गंधक असेल तर बुडबुडे पाचपट हवेत, आणि वजनाने ७ टक्के द्रायू सगळ्या साठ्यात सारखा पसरलेला असणे पटत नाही. इथे दोन वाटा उरतात. एक, बुडबुडे हलके असल्याने मोठ्या साठ्यातून वर सरकत छताशी गोळा झाले; उद्रेकाने फक्त वरचा, वायूने फुगलेला थर रिकामा केला. भूकंपलहरींच्या चित्रणात डोंगराखाली ६ ते ११ किलोमीटर खोलीवर मंद वेगाचा पट्टा दिसतो आणि त्याचे आकारमान बाहेर पडलेल्या शिलारसाच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे ही वाट मोकळी आहे. दुसरी, गंधक खालून सतत भरला जात होता. दोन्ही एकत्र घडल्या असे मानणे आम्हाला सर्वांत सुसंगत वाटते.

बुडबुड्यांचा फायदा असा की त्यांतल्या गंधकाला रसातून सरकत येण्याचा वेळ लागतच नाही. तो आधीच वायूच्या घरात आहे. खोलीवर त्यात हायड्रोजन सल्फाइडचा वाटाही असतो, पण दाब उतरला की तो पाण्याशी संयोग पावून सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन होण्याकडे झुकतो, कारण त्या बाजूला रेणूंची संख्या अधिक. उपग्रहाला दिसला तो या प्रवासाच्या शेवटचा वायू.

खालचा बेसाल्ट

द्रायूत गंधक आला कुठून? मुख्य स्फोटाच्या आठ दिवस आधी, ७ जूनला, पिनाटुबोच्या उतारावर लाव्हाचा एक छोटा घुमट वर आला. त्याचा दगड मुख्य प्युमिससारखा नव्हता. तो अँडेसाइट होता, सिलिका ६० टक्क्यांच्या आतबाहेर, आणि त्यात ऑलिव्हीन हे खनिज असलेल्या बेसाल्टच्या गुठळ्या अडकल्या होत्या. थंड डेसाइटच्या तळाशी तापलेला बेसाल्ट घुसला, दोघांचे काही ठिकाणी मिश्रण झाले आणि त्या मिश्रणाचा पहिला घास घुमट म्हणून बाहेर आला. या संकर दगडात तांबे-लोहाच्या सल्फाइडचे कणही मिळाले.

तापलेल्या बेसाल्टमध्ये गंधक हजारांनी पीपीएम असतो. तो थंड डेसाइटला टेकला की गोठू लागतो, गोठताना पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि गंधक बाहेर टाकतो, आणि हे बुडबुडे वरच्या डेसाइटमध्ये शिरतात. रसात गंधकाला जागा नाही, म्हणून थोडा ॲनहायड्राइट होतो आणि बाकीचा बुडबुड्यातच राहतो. बेसाल्टमध्ये ०.२ टक्के गंधक होता आणि सगळा निसटला असे धरले तर ८५ लाख टनांसाठी ४२५ कोटी टन, म्हणजे सुमारे १.६ घनकिलोमीटर बेसाल्ट पुरतो. हा बेसाल्ट १९९१ मध्येच आला पाहिजे असे नाही. त्यापूर्वी डोंगर सुमारे पाचशे वर्षे शांत होता, तेवढ्या काळात तळाशी अनेकदा भर पडत गेलेली असू शकते.

याचा एक परिणाम भूमापनाशी निगडित आहे. बुडबुड्यांनी भरलेला शिलारस दाबला जातो. खालून नवा रस आला तरी बुडबुडे आक्रसतात आणि पृष्ठभाग अपेक्षेइतका फुगत नाही. अशा डोंगराचा फुगवटा मोजून आत किती रस भरला हे ठरवायला गेले तर उत्तर कमीच येणार.

वायू मोजणाऱ्याची फसगत

उद्रेकापूर्वीच्या मोजण्यांत याच रसायनाची दुसरी बाजू दिसते. २ एप्रिलला पहिले वाफेचे स्फोट झाल्यावर फिलिपाइन्सची फिव्होल्क्स ही संस्था आणि अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पथक डोंगरावर नजर ठेवून होते. कॉस्पेक नावाच्या अतिनील उपकरणाने, विमानातून वायूच्या लोटाखालून जात, दर दिवशी किती सल्फर डायऑक्साइड निघतो ते मोजले जाई. १३ मे रोजी तो सुमारे ५०० टन होता, २८ मे रोजी ५,००० टनांवर गेला. मग ५ जूनपर्यंत घसरून २६० टनांच्या आसपास आला.

ती घसरण पाहून डोंगर थंडावतोय असा अर्थ कुणी काढला असता तर अनर्थ झाला असता. वायू कमी झाला तो नळी बंद होत चालल्याने: वर चढणारा शिलारस वायू गमावून घट्ट झाला, बुच बसले, खाली दाब वाढत राहिला. दोन दिवसांनी घुमट दिसला, १० जूनला डोंगराजवळचा अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ रिकामा केला गेला, १२ जूनला मोठे स्फोट सुरू झाले. सुरुवातीच्या कमी आकड्यांत आणखी एक गोम असते. सल्फर डायऑक्साइड पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे डोंगरातले भूजल आटेपर्यंत तो वाटेतच धुतला जातो आणि लोटात दिसत नाही. तेव्हा कमी गंधक दिसला तर तीन शक्यता तपासायच्या: शिलारस खरोखर शांत आहे, भूजल वायू गिळते आहे, की नळी बुजली आहे. एकट्या गंधकाच्या आकड्यावरून यांतली निवड होत नाही, सोबत भूकंप आणि जमिनीची हालचाल पाहावीच लागते.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एवढेच: दिवसाला ५,००० टन या वेगाने १ कोटी ७० लाख टन वायू बाहेर पडायला नऊ वर्षांहून अधिक लागतील. तो साठा एका दुपारी रिता झाला. आभाळात गेलेल्या सल्फर डायऑक्साइडचे महिन्या-दीड महिन्यात गंधकाम्लाच्या सूक्ष्म थेंबांत रूपांतर झाले, त्या ढगाने तीन आठवड्यांतच पृथ्वीला वेढा घातला आणि १९९२ मध्ये जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले.

तीच रीत लाकीला कशी चालते

रुळलेली रीत सर्वत्र टाकाऊ आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र चूक. आइसलँडमधल्या लाकीच्या भेगेतून ८ जून १७८३ ते फेब्रुवारी १७८४ या काळात सुमारे १५ घनकिलोमीटर बेसाल्ट वाहिला. त्याच्या इन्क्लूजनमध्ये गंधक सुमारे १,६७५ पीपीएम, वायू गमावलेल्या लाव्हात सुमारे १९५. फरक १,४८०. वजन ४,१२५ कोटी टन धरले तर गंधक ६ कोटी १० लाख टन आणि सल्फर डायऑक्साइड सुमारे १२ कोटी २० लाख टन. लाकीसाठी आज हाच आकडा वापरला जातो. तापलेल्या, लोहसमृद्ध, कमी ऑक्सिडीकृत बेसाल्टमध्ये गंधक खोलवर रसातच राहतो आणि पृष्ठभागाजवळ येऊनच निसटतो, म्हणून वजाबाकी खरी उतरते.

सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा हिशेबही याच जातीचा. दख्खनच्या बेसाल्टमधून १,००० पीपीएम गंधक निसटला असे धरले तर दर घनकिलोमीटरमागे ५४ लाख टन सल्फर डायऑक्साइड येतो. पिनाटुबोच्या तिसऱ्या भागाइतका, एकेका घनकिलोमीटरला. अडचण आकडेमोडीत नाही, नमुन्यात आहे. साडेसहा कोटी वर्षांत मूळ काच बहुतेक ठिकाणी मातकट खनिजांत बदलली आहे, पोकळ्यांत झिओलाइट भरले आहेत. ताज्या काचेचा टिकलेला तुकडा किंवा ऑलिव्हीन-पायरॉक्सीनमधले न गळलेले इन्क्लूजन मिळणे, हेच खरे काम.

नमुना हाताळताना

पिनाटुबोसारख्या शिलारसावर काम करताना बहुतेक चुका कापाकाप करण्याच्या टेबलावर होतात. ॲनहायड्राइट पाण्यात विरघळते, लिटरला सुमारे दोन ग्रॅम. हा आकडा किरकोळ वाटतो. पण दशांश मिलिमीटर बाजूचा स्फटिक तीन मायक्रोग्रॅमचा असतो, आणि त्याला विरघळवायला पाण्याच्या एका थेंबाचा तिसावा भागही पुरतो. दगड कापताना आणि काप घासताना नेहमीप्रमाणे पाण्याची धार सोडली की हे खनिज जाते आणि काप पाहणारा ‘ॲनहायड्राइट नाही’ असे लिहून मोकळा होतो. म्हणून कापणे आणि घासणे केरोसीन, हलके तेल किंवा अल्कोहोलवर करायचे, आणि प्युमिस आधी निर्वातात इपॉक्सी शोषवून घट्ट करायचा. कापात स्फटिकाच्या आकाराची चौकोनी रिकामी भोके दिसली तर तिथे काय होते याची शंका घ्यायची.

मायक्रोप्रोबवर दुसरी खबरदारी. सल्फाइड आणि सल्फेटमधल्या गंधकाच्या क्ष-किरण शिखराची जागा किंचित वेगळी असते. पायराइट या सल्फाइडच्या नमुन्यावर शिखर जुळवून सल्फेट असलेली काच मोजली तर आकडा कमी येतो. बॅराइट किंवा ॲनहायड्राइट या सल्फेटांवर जुळवणे बरे. उलट हाच सरकाव नीट मोजला तर गंधकाची अवस्था कळते, पण किरणाचा मारा काचेतल्या गंधकाची अवस्था स्वतःच बदलतो. त्यामुळे शलाका १० ते २० मायक्रॉन पसरवायची, प्रवाह कमी ठेवायचा, एकाच जागी फार वेळ थांबण्याऐवजी नमुना सरकवत मोजायचे आणि एकूण मोजणी काही मिनिटांची करायची.

इन्क्लूजन निवडताना तडा गेलेला स्फटिक बाद. आत आक्रसल्याचा बुडबुडा असेल तर थोडा गंधक त्यात गेलेला असतो, नुसती काच मोजून तो सापडत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे: इन्क्लूजन अडकले तेव्हा भोवती बुडबुडे होते का? पाण्याचे प्रमाण त्या दाबाच्या छतापर्यंत पोचलेले असेल, तर अडकलेला रस आधीच गंधक द्रायूला देऊन बसला आहे. अशा थेंबावरून काढलेला आकडा हा खालची मर्यादा म्हणूनच नोंदवायचा.

उपग्रहयुगाआधीच्या उद्रेकांत पाऊस आपल्या आधी पोचलेला असतो. खुद्द पिनाटुबोवर उद्रेकाच्याच दिवशी युन्या वादळ आदळत होते, तिथे ताजा प्युमिस लवकर उचलला म्हणून ॲनहायड्राइट हाती लागले. शेकडो वर्षांपूर्वीच्या थरात ते काचेत उघडे सापडणार नाही. तिथे प्लॅजिओक्लेज किंवा हॉर्नब्लेंडच्या पोटात पूर्ण बंद राहिलेले ॲनहायड्राइटचे कण शोधायचे, आणि ॲपटाइटमधला गंधक केंद्रापासून कडेपर्यंत टप्प्याटप्प्याने मोजायचा. ॲपटाइट आपल्या जाळीत सल्फेट सामावून घेते आणि पाण्यात सहजी विरघळत नाही, त्यामुळे रस गंधकाने कधी भरला आणि कधी उतरला याची नोंद त्याच्या थरांत शाबूत राहते.